निळ्या कागदावरचा कापूस

आमच्या शेजारच्या ग्रेडरचाचांनी ज्याला प्रत लावली नाही अशी एकही वस्तू या पृथ्वीवर उरलेली नाही. खरं म्हणजे कापसाची प्रत लावणं ही त्यांची नोकरी होती आणि नोकरीबरोबर ती सवयही संपायला हवी होती. पण निवृत्तीनंतर हाताशी कापूस राहिला नाही म्हणून त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. चहा, नळाचं पाणी, नवरदेव, नगरसेवक, दवाखान्यातल्या नर्सची वागणूक, सगळ्याचा निकाल एक नंबर, दोन नंबर किंवा कवडी. कवडी म्हणजे अळीनं नासलेला, पिवळा पडून बोंडातच आखडलेला कापूस. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोप समारंभाला ते हौसेनं आले होते. मुख्याध्यापकांचं भाषण कवडी, अध्यक्षांचं दोन नंबर, आणि माझं उत्तर ‘माल साधाच हाय, पण धागा लांब’ असा निकाल त्यांनी जिना उतरता उतरताच देऊन टाकला. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. मग घरी येऊन मी ते भाषण पुन्हा वाचून पाहिलं आणि राग गिळला.

कापसाच्या बाबतीत त्यांच्या हातांना कसलाही कायदा लागू नव्हता. समोरच्याच्या शर्टाचा धागा सुटलेला दिसला की बोलता बोलता तो ओढायचा, दोन्ही चिमटींत ताणून त्याची लांबी पाहायची आणि मग पुढचं वाक्य बोलायचं. एका लग्नात तर त्यांनी वरपक्षाच्या बैठकीतला लोड कोपऱ्यातून उसवला आणि आतला ऐवज बाहेर काढून भर मांडवात जाहीर केलं, “वरून मखमल हाय राजेहो, आत चिंध्या भरल्या.” ते जोडपं आज सुखात आहे, पण चाचा अजूनही त्या नवरदेवाकडे संशयानं पाहतात. त्यांची खास विद्या म्हणजे सरकी फोडणं. कापसातली एक सरकी काढून दाताखाली धरायची. कटकन वाजली तर माल सुका, नुसतीच दबली तर ओला. या एका कामासाठी त्यांनी खालचे चार दात जिवापाड सांभाळले होते. दातांच्या डॉक्टरनं सगळे काढून कवळी बसवा म्हटलं तेव्हा ह्यांनी त्यालाच उलट विचारलं, “कवळीले ओल समजते का?” डॉक्टरला या प्रश्नाचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

मात्र एका गोष्टीत हा माणूस भलताच कडक. नमुन्याला घेतलेली मूठ जशीच्या तशी परत करायची. बाहीला चिकटलेली कापसाची एखादी तारसुद्धा वेचून मालकाच्या ढिगात टाकायची. बाजारात असेही ग्रेडर होऊन गेले की ज्यांच्या घरच्या गाद्या, उशा, जावयाला द्यायच्या रजया, सगळं नमुन्यांवर भरलं. चाचांच्या घरची गादी इतकी पातळ होती की चाची एकदा मला म्हणाल्या, “सरजी, मैं तो इनके ईमान पे सोती हूँ. कमर अकड़ जाती है.”

मी सांगतोय तो काळ वऱ्हाडात कापसाचे वाईट हंगाम पाठोपाठ येत होते तेव्हाचा. एका वर्षी पाऊस दडी मारायचा, दुसऱ्या वर्षी गुलाबी अळी बोंडात शिरायची, आणि या दोन्हींतून वाचलेला कापूस बाजारात गेला की खरेदीवाल्याचा माणूस गाडीत हात घालून तोंड वाकडं करायचा. “ओला हाय. डाग हाय. कवडी मिसळली.” तोंड जेवढं वाकडं तेवढा भाव खाली. दूरदूरहून पाहणी पथकं यायची, बांधावर उभी राहून कापसाच्या पऱ्हाटीला हात लावल्याचे फोटो काढायची आणि जेवणाच्या वेळेला अमरावतीच्या विश्रामगृहात हजर व्हायची. चाचांनी पथकांनाही प्रत लावली होती, पण ती छापण्यासारखी नाही. या सगळ्यातून आसपासच्या गावच्या लोकांनी स्वतःपुरती एक वाट काढली होती. बाजारात गाडी नेण्याआधी रुमालात मूठभर कापूस बांधून आमच्या गल्लीत यायचं. चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचेच. ते मूठ उघडायचे, धागा ताणायचे, सरकी फोडायचे, कापूस उन्हाकडे धरून रंग पाहायचे आणि म्हणायचे, “एक नंबर हाय. कोनी कवडी म्हटलं तं माहं नाव सांगजा.” त्या नावाला बाजारात वजन होतं. ते ऐकलं की खरेदीवाल्याचं तोंड आपोआप सरळ व्हायचं. वलगावच्या एक ताई होत्या, नवऱ्यामागे एकटीनं शेत सांभाळणाऱ्या. त्या प्रत्येक वेचणीला यायच्या. बोलणं कमी. रुमाल सोडायच्या आणि चाचांच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या राहायच्या.

आणि याच माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं काही दिवस टिकेल, मग तीही कडेकडेनं आकसत जाईल. चाचांनी डॉक्टरला एक नंबर दिला, कारण तो खोटं बोलला नाही. तिथून ते थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले. “गुरुजी, माही नजर जाऊन राहिली. जायच्या आंधी कुठं ठेवता येते का, ते पाहा ना.” मला वाटलं, नेत्रदानाचं म्हणतात. मी गंभीर चेहरा करून फॉर्म कुठे मिळतो ते सांगायला लागलो. “डोये कोनाले पाहिजेत हो या वयाचे!” म्हणत त्यांनी वर्तमानपत्राची एक घडी माझ्यापुढे केली. जाहिरात होती. कोडिंग न येता मशीन लर्निंग शिका, शेतकरी, गृहिणी, निवृत्त, कोणीही. “मशीनले पाहनं शिकवता येते म्हनते. मी जाईन, पर नजर फोनात राहीन. वलगावच्या ताईनं मंग कोनाच्या तोंडाकडे पाहाची गरज नाही.” हे ते अगदी सहज म्हणाले. मी चप्पल घातली.

क्लास अमरावतीतच, राजकमल चौकाच्या बाजूला, एका झेरॉक्सच्या दुकानावर होता. शिकवणाऱ्या मॅडम निघाल्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. नववीत मी तिला निबंधाला दहापैकी चार गुण दिले होते. ते तिच्या लक्षात होते आणि, तिचा चेहरा पाहिल्यावर, माझ्याही. वर्गात आमच्यासारखे आणखी पाचसहा निवृत्त होते. एक माजी तहसीलदार मशीनला खरा अर्ज आणि खोटा अर्ज यातला फरक शिकवत होते. त्यांचं मशीन प्रत्येक अर्ज खोटा म्हणायचं आणि तहसीलदार त्यावर पूर्ण समाधानी होते. पहिला आठवडा मॅडमनी खऱ्या कोडिंगची ओळख म्हणून ठेवला होता. चाचांनी एका बोटानं अर्धा तास खपून एक ओळ लिहिली आणि मशीननं ती लाल अक्षरांत नाकारली, कारण शेवटचा कंस राहिला होता. चाचा पडद्याकडे बघत म्हणाले, “एका कंसासाठी अख्खं काम अडवून ठेवते. आमच्या हापिसातला बडा बाबू असाच होता. पर तो चहा पाजला का सोडे.”

दुसऱ्या आठवड्यात लो-कोडचं, म्हणजे जवळजवळ कोड न लिहिता चालणारं, साधन आलं आणि चाचांचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर नुसते चौकोन. एका चौकोनात एका जातीचे फोटो टाकायचे, दुसऱ्यात दुसऱ्या जातीचे, आणि बटण दाबायचं. मधलं गणित मशीन स्वतः करतं. मॅडम म्हणाल्या, “काका, मशीनला सांगायचं नसतं, दाखवायचं असतं. चुकलं की चुकलं म्हणायचं. पुन्हा दाखवायचं.” यावर चाचा खुर्चीतून उठलेच. “मंग यात नवं काय हाय? अचलपूरच्या जिनिंगमधी माह्या उस्तादानं मले तीन साल एक शब्द नाही सांगितला. मूठ हातात द्यायचा अन् म्हनायचा, बोल. चुकलं का डोक्यावर टपली. तीन साल टपल्या खाल्ल्या अन् एक दिवस चुकनं बंद झालं. कसं झालं ते त्यालेही नाही ठाव, मलेही नाही.” मॅडम फळ्याकडे वळल्या. मग त्यांनी आधीचं सगळं पुसून फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘टपली’ असं लिहिलं. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला त्या अचलपूरच्या उस्तादाची गोष्ट सांगतात असं मी ऐकलं. उस्ताद असते तर त्यांनी त्याबद्दलही एक टपली मारली असती.

मशीन निकालाबरोबर आपली खात्री टक्क्यांत सांगतं, ही गोष्ट चाचांना सगळ्यात जास्त आवडली. त्यांनी विचारलं, “शंभर टक्के कधी म्हनते?” मॅडम म्हणाल्या की आपलं हे साधन शंभर म्हणतच नाही, नव्व्याण्णवला थांबतं, थोडी शंका स्वतःजवळ ठेवतं. चाचा खूश. “शंका ठेवते म्हंजे खानदानी हाय.” त्या दिवसापासून घरी, गल्लीत, मशिदीच्या पायऱ्यांवर कुणी ‘शंभर टक्के’ म्हटलं की ते त्याला तिथेच थांबवून एक टक्का कमी करायला लावायचे. भाजीवाल्यानं वांगी शंभर टक्के ताजी म्हटली, तर ह्यांनी नव्व्याण्णव कबूल करून घेतल्याशिवाय पिशवी उघडली नाही.

मग एक पूर्ण हंगाम फोटो काढण्यात गेला. वलगाव, अचलपूर, बाजाराचं आवार, जिथे कापूस तिथे चाचा आणि त्यांच्यामागे पिशवी धरून मी. काम अगदी रीतसर चालायचं. चांगला माल निघाला की पिशवीतून निळा जाड कागद काढायचा, तो हातानं सरळ करायचा, त्यावर कापूस अलगद मांडायचा आणि फोटो घ्यायचा. हे कागद ते नोकरीत असल्यापासून पदरमोड करून विकत घेत आले होते. निळ्यावर पांढरा खुलतो, असं म्हणायचे. कवडी निघाली तर कागदाचा प्रश्नच नाही. ती पडेल तिथे, गोणपाटावर. मी एकदा म्हटलं, तिच्याखालीही कागद घालू या की. तर ते असे दचकले की जणू मी त्यांच्या उस्तादाला उंबऱ्यात बसवायला सांगितलं. “कवडीले निया कागद? गुरुजी, मालाची काही इज्जत असते.” मीही पिशवी धरून मान डोलावली. मराठीच्या मास्तरला यात काय कळणार! सरकी फोडायला मशीनला दात नाहीत, एवढीच एक खंत त्यांना होती. त्यावर काही तोड निघते का म्हणून ते मॅडमकडे दोनदा जाऊन आले.

शेवटी बटण दाबलं. घरी ओट्यावर चाचणी झाली. निळ्या कागदावरचा प्रत्येक कापूस फोननं एक नंबर सांगितला, गोणपाटावरची प्रत्येक कवडी कवडी. एकही चूक नाही. चाची आतून साखर घेऊन आल्या. तेवढ्यात अकोल्याहून बोलावणं आलं. तिथे शेती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा मेळावा भरणार होता आणि एका निवृत्त ग्रेडरनं कोडिंग न शिकता बनवलेलं मशीन आयोजकांना मंचावर हवं होतं. चाचांनी शेरवानी काढली. मॅडम आल्या, मी आलो आणि पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन वलगावच्या ताईही आल्या. सकाळी बसस्थानकावर चाचांनी त्यांचा नमुना पाहून ठेवला होता. एक नंबर.

सभागृह मोर्णा नदीच्या अलीकडे होतं. मंचावर निळ्या मखमलीच्या खुर्च्या, मागे निळा फलक, फलकावर प्रमुख पाहुण्यांचा माणसापेक्षा मोठा फोटो. एक ड्रोनही होता, पण सभागृहात पंखे असल्यामुळे तो उडवता येत नव्हता. म्हणून त्याला हार घालून टेबलावर ठेवला होता. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि शेतकऱ्याच्या बांधावर तंत्रज्ञान कसं पोचलं पाहिजे यावर बोलले. त्या वेळात बांधावरचे बरेच शेतकरी सभागृहात झोपले होते. मग चाचांची पाळी आली. त्यांनी निळा कागद पसरला, कापूस मांडला, फोन धरला. सूत्रसंचालकानं माईकवर वाचलं, “एक नंबर, अठ्ठ्याण्णव टक्के!” टाळ्या. गोणपाटावर कवडी. “कवडी, सत्त्याण्णव!” पुन्हा टाळ्या. पाहुणे उत्साहात आले. म्हणाले, आता जनतेतला कापूस दाखवा. चाचांनी अभिमानानं वलगावच्या ताईंना वर बोलावलं. ताईंनी कापूस आणला होता तो नव्याकोऱ्या गोणपाटाच्या पिशवीत. त्यांनी ती पिशवीच उलगडून टेबलावर पसरली.

“कवडी,” सूत्रसंचालकानं वाचलं, “शहाण्णव टक्के.”

पुढच्या रांगेतून एक खरेदीवाला मोठ्यानं हसला. “घ्या! आमी म्हनलं तं बोंबलता. आता मशीनच म्हनून राहिलं.” हशा पसरला. ताई पदराचं टोक धरून तशाच उभ्या. चाचांनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, पुन्हा कापसावर धरला. सत्त्याण्णव. मग त्यांनी फोन कापसावरून उचलला, तसा तो मागच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला. सूत्रसंचालक आपलं काम इमानदारीनं करत होता. “एक नंबर, नव्व्याण्णव!” फोन आणखी वर गेला, फलकावरच्या साहेबांच्या फोटोवर. “एक नंबर, अठ्ठ्याण्णव!” आयोजकांनी हे स्वागताचं समजून टाळ्या सुरू केल्या आणि साहेबांनी उठून नमस्कारही केला.

चाचांनी माईक ओढून घेतला. “टाया बंद करा,” ते म्हणाले. मग ताईंच्या पिशवीवरची मूठ घेतली, धागा ताणला, एक सरकी काढली आणि दाताखाली धरली. माईक तोंडाशी होता. कट्ट असा आवाज सभागृहभर घुमला आणि झोपलेले शेतकरी जागे झाले. “हा माल एक नंबर हाय. चाळीस साल हेच केलं मी, मले फोन नोका सांगू. मशीन गाढव हाय, अन् त्याले शिकवनारा मी त्याच्याहून मोठा गाढव. पर ताईच्या कापसाले नाव ठेवाचं नाही.” मूठ त्यांनी परत पिशवीवर टाकली, शेरवानीला चिकटलेली एक तार शोधून तीही टाकली, आणि खाली उतरले. आमच्या सत्काराचे नारळ मंचावरच राहिले.

परतीची बस मूर्तिजापूरच्या जवळ आली होती. मॅडम फोनमधले फोटो एकामागून एक पाहत होत्या. अखेर हळूच म्हणाल्या, “काका, मशीन कापूस पाहतच नाही. कागद पाहतं. निळं दिसलं की एक नंबर, गोणपाट दिसलं की कवडी. आपण त्याला तेवढंच दाखवलं.” आणि मग मान खाली घालून, “मीही फोटो तपासले नाहीत.” मी पिशवी धरून हंगामभर हिंडलो होतो, तेव्हा मीही खिडकीबाहेर पाहू लागलो. चाचा मात्र हसायला लागले. “मी त्याले कापूस शिकवाले गेलो अन् ते निस्ती इज्जत शिकलं. सोपं होतं तेच शिकलं ना!” हसणं थांबल्यावर ते मागच्या सीटकडे वळले. “ताई, चार लोकाइत तुमच्या मालाले माह्या हातानं कवडी म्हटलं. माफी द्या.” ताई म्हणाल्या, “जाऊ द्या चाचा. शिकंल ते. आमी नाही का शिकलो.”

पण जाऊ देण्यासारखं ते नव्हतं. त्या हंगामात बाजारात कुणी चाचांचं नाव घेतलं की खरेदीवाल्याचा माणूस म्हणायचा, “तो निया कागदवाला का?” आणि तोंड होतं तसंच वाकडं ठेवायचा. रुमाल घेऊन येणारी माणसं तरीही येत होती, पण जाताना त्यांचा चेहरा उजळायचा नाही. हे चाचांना दिसत नव्हतं, कारण एव्हाना त्यांना चेहरे दिसेनासे झाले होते. मी ते सांगितलं नाही. त्यांना बहुतेक कळलंच असावं.

पुढच्या हंगामात आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. आता चांगला असो की कवडी, प्रत्येक मूठ आधी गोणपाटावर, मग कागदावर, मग हातावर, मग जमिनीवर. कवडीखाली निळा कागद घालताना चाचा अजूनही तोंड फिरवायचे. फोटो मी काढायचे आणि प्रत त्यांनी सांगायची. धागा बोटांना कळत होता, ओल दातांना. अडचण रंगाची. “गुरुजी, कसा हाय?” “पांढरा.” “कसा पांढरा?” मी म्हटलं, शुभ्र. म्हणाले, ते पुस्तकात ठेवा. मग मला रोज उलटतपासणी. चुन्यासारखा का साबुदाण्यासारखा? ज्वारीच्या पिठासारखा का तांदळाच्या? दळून आणलेल्या दिवशीच्या पिठासारखा का चार दिवस डब्यात राहिलेल्या? उत्तर चुकलं की टपली यायची, तीही अंदाजानं मारलेली, त्यामुळे बरेचदा कानावर. बत्तीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या माझ्याकडे पांढऱ्यासाठी दोनच शब्द होते आणि दोन्ही कुचकामी होते. हंगामाच्या शेवटी मला बारा पांढरे ओळखता येत होते. चाचांनी मला दोन नंबर दिला. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मी तो जास्त जपला आहे.

नव्या फोटोंवर मशीनचं बटण पुन्हा दाबलं, आणि पुढच्या हिवाळ्यात चाचांची नजर पुरती गेली. थंडीनं बोटांना भेगा पडल्या आणि सांभाळून ठेवलेल्या चार दातांपैकी कामाचा जो होता, तोही पडला. तरी सकाळी ते ओट्यावर बसायचेच, फक्त आता उन्हाकडे काही धरायचे नाहीत. एका सकाळी वलगावच्या ताई आल्या. त्यांनी रुमाल सोडला. मी कापूस जरासा ओट्यावर पसरला, फोटो घेतला आणि मूठ चाचांच्या हातात दिली. त्यांनी धागा ताणला, तो भेगेत अडकून तुटला. सरकी हिरडीत धरली, ती नुसती दबली. त्यांनी अंगठ्यानं कापूस पुन्हा चाचपला. “कवडी मिसळली ताई. ओलही हाय,” ते म्हणाले. ताई रुमाल आवरू लागल्या. मी फोनकडे पाहिलं. तिथे दुसरंच होतं. ताईंना नंतर फाटकापाशी गाठून खरं सांगेन असं मी ठरवलं, कारण या म्हाताऱ्याला, त्याच्याच ओट्यावर, तुमचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळेना.

“मशीनही तेच म्हणतं चाचा,” मी म्हटलं. “शंभर टक्के.”

ते हसले. “गुरुजी, खोटं बोलून राहिले तुमी. मशीन कधी शंभर नाही म्हनत. मानूस म्हनते.” मग हात पुढे करून, “वाचा, काय हाय ते.”

“एक नंबर,” मी वाचलं. “एक्क्याण्णव.”

त्यांनी मान खाली घातली. बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारलं, “खाली निया कागद हाय का?”

“नाही चाचा. गोणपाट आहे.”

“नक्की?”

“गोणपाटच हाय चाचा,” ताई म्हणाल्या. “मीच टाकून ठेवलं होतं ओट्यावर.”

“अन् रंग? कसा पांढरा हाय?”

मी कापूस उचलून उन्हाकडे धरला, ते धरायचे तसा. नीट पाहिलं. “चाची दही लावतात ना, त्याची वरची साय बाजूला केली की खाली जो दिसतो, तसा.”

“मंग मशीनचं बरोबर हाय,” चाचा म्हणाले. “ताई, एक नंबर म्हनून घेऊन जा. आता माहं नाव नोका सांगू. फोन दाखवजा.” ते सांगत होते तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही. आपली नजर पोचल्याचा त्यांना आनंद झाला होता की आपल्याजवळ ती उरली नाही याचं दुःख, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलंही नाही. मी फोनमधलं ते मशीन ताईंच्या फोनवर कसं घ्यायचं ते दाखवत बसलो. ताईंनी ते दोनदा करून पाहिलं, रुमाल झटकून त्याची घडी घातली आणि चाचांच्या हातातली मूठ परत घेण्यासाठी नेहमीप्रमाणे ओंजळ पुढे केली.

चाचांनी मूठ उघडली नाही. ती तशीच मांडीवर धरून, एखाद्या नव्या माणसानं विचारावं तसं ते म्हणाले, “ताई, एवढी मूठ ठेवून घेऊ का?”

“घ्या ना चाचा,” ताई म्हणाल्या.